तिसऱ्या दाराची कडी

टकळीच्या आईने शाळा बघायला जाताना कारखान्यातला तपासणीचा कोरा तक्ता बरोबर घेतला. बॅगांच्या कारखान्यात ती अगदी शेवटच्या टेबलावर बसायची आणि तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही बॅग बाहेर पडत नसे. प्रत्येक चेन, प्रत्येक कुलूप, प्रत्येक कडी तीनदा लावायची, तीनदा उघडायची आणि मग तक्त्यावर खूण करायची: पास, नापास किंवा पुन्हा तपासा. तीनदाच का, असं कोणी विचारलं तर ती सांगायची की पहिल्यांदा वस्तू लाजते, दुसऱ्यांदा शहाण्यासारखी वागते आणि तिसऱ्यांदा ती खरी कशी आहे ते कळतं. अकरा वर्षांत तिने पास केलेली एकही बॅग परत आली नव्हती. तिचा नवरा म्हणायचा की परत यायला बॅगा घाबरत असतील.

शाळा होती गल्लीच्या टोकाची, सरकारी, प्राथमिक. घरापासून पायी सात मिनिटं. ही सात मिनिटं आईने तीनदा मोजली होती. टकळीचा बाबा याच शाळेत शिकला होता आणि आता चष्म्याच्या दुकानात भिंगं घासत होता. त्याच्या मते बघण्यासारखं काही नव्हतंच.

"मी तिथेच शिकलो ना? काय वाईट झालं माझं?" तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं. शर्टाची बटणं एक घर सोडून लागली होती. मनातल्या तक्त्यावर 'पुन्हा तपासा' या रकान्यात तिने एक खूण केली.

हातातल्या तक्त्यावर तिने लिहिलेले एकतीस प्रश्न होते. खिडक्यांना गज आहेत का, पाण्याची टाकी कधी धुतली, बाई मुलांना नावाने हाक मारतात की नुसतं 'ए' म्हणतात, असे. त्यातले नऊ प्रश्न वरच्या मजल्यावरच्या काकूंनी घातले होते. काकूंचा नातू शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाळेत बसने जायचा, त्यामुळे शिक्षण या विषयावर काकूंचा शब्द शेवटचा असे. पण पहिला प्रश्न आईचा स्वतःचा होता आणि त्याच्याखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का, आणि ती लागते का.

याला कारण टकळी होती.

टकळी साडेपाच वर्षांची. घरात तिची जीभ टाळूला लागत नसे, म्हणूनच तिला ते नाव पडलं होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायचं ते रात्री झोप लागली तरी दोन मिनिटं चालूच. पण घराचा उंबरा ओलांडला की चकार शब्द नाही. दुकानात नाही, दवाखान्यात नाही, जिन्यात भेटणाऱ्या काकूंशीसुद्धा नाही. बाहेर काही हवं असलं तर ती आईचा हात ओढायची, म्हणजे आईने वाकून कान द्यायचा. टकळी कानात सांगायची आणि आई ते मोठ्याने जगाला सांगायची. तीन वर्षं आई तिचं तोंड होऊन हिंडत होती.

बालवाडीत आई नव्हती, त्यामुळे तिथे तोंडही नव्हतं. वर्षभर बालवाडीच्या बाईंनी 'शांत, गुणी मुलगी' असा शेरा दिला. आणि एके दिवशी आई आणायला गेली तेव्हा टकळी कोपऱ्यात ओल्या फ्रॉकमध्ये उभी होती. किती वेळ उभी होती ते कोणाला सांगता आलं नाही. बाई म्हणाल्या, "बोलली असती तर कळलं असतं." त्या वाक्यात चूक काहीच नव्हती, आणि आईला ते आजवर पचलं नव्हतं.

मोठ्या शाळेतही त्या दोघी जाऊन आल्या होत्या. तिथल्या चकचकीत खोलीत एका मॅडमनी टकळीला नाव विचारलं, पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने विचारलं आणि मग कागदावर लिहिलं, 'प्रतिसाद नाही'. तरीही आम्ही घेऊ हं, असं हसून सांगितलं. आता पर्समध्ये दोन अर्ज होते, एक त्या शाळेचा, एक या शाळेचा. दोन्हीकडची मुदत आज बारा वाजता संपत होती.

शाळेच्या फाटकावर पाटी होती, 'पालकांना शाळा पाहण्याची वेळ दहा ते बारा'. साडेदहाला दोघी आत शिरल्या. व्हरांड्याच्या टोकाला पाण्याचा पंप चालू होता आणि त्याच्या घरघरीत स्वतःचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. बादली घेऊन शाळेच्या मावशी आल्या. त्यांनी तक्ता पाहिला, तक्त्याला अडकवलेलं पेन पाहिलं. आईने पंपाच्या वर आवाज काढून सांगितलं की आधी मुलींचे संडास बघायचे आहेत.

मावशींचा चेहरा उजळला. "आलात का एकदाच्या. किती महिने वाट बघतोय आम्ही. तिसरं बघा बाई, तिसरं."

आई भारावली. पालकांची इतकी वाट पाहणारी शाळा तिने ऐकली नव्हती, आणि त्यातही नेमकं कुठलं दार बघायचं हे आपणहून दाखवणारी तर नाहीच. तिला बिचारीला काय माहीत की तिसऱ्या दाराच्या कडीची तक्रार शाळेने चार महिन्यांपूर्वी शिक्षण खात्याच्या कचेरीत दिली होती, आणि हातात तक्ता घेऊन थेट संडासाकडे निघालेली बाई म्हणजे कचेरीने अखेर पाठवलेली दुरुस्तीवाली, असा मावशींनी सरळ हिशेब केला होता.

आईने टकळीला समोरच्या बाकावर बसवलं आणि पर्स तिच्या मांडीवर ठेवली. फोन पर्समध्येच होता. मग ती तिसऱ्या दारातून आत गेली.

संडास स्वच्छ होता, पण सगळंच मुलांच्या मापाचं. उभं राहिलं तर डोकं वरच्या पाइपला लागत होतं. आईने कडी लावली. लागली. उघडली. उघडली. पुन्हा लावली, पुन्हा उघडली. तिला फार बरं वाटलं. तक्ता गुडघ्यावर टेकवून तिने पहिल्या प्रश्नापुढे 'पास' लिहिलंसुद्धा. पण सवय ती सवय. तिने कडी तिसऱ्यांदा लावली, नीट, पार शेवटपर्यंत, खट् असा आवाज येईपर्यंत.

त्यानंतर ती उघडली नाही.

आईने ओढून पाहिलं, दाबून पाहिलं, दार खांद्याने रेटून पाहिलं. अकरा वर्षांत हजारो कड्या तिच्या बोटांखालून गेल्या होत्या, त्यांतली एकही तिच्याशी अशी वागली नव्हती. आधी तिने सभ्यपणे "कोणी आहे का" असं विचारलं. मग जरा असभ्यपणे. पंपापुढे दोन्हींचा उपयोग झाला नाही. मग तिने दारावर थापा मारल्या. ते मात्र बाहेर पोचलं. मावशी परत आल्या, शब्द काही ऐकू येईनात, पण दुरुस्तीला आलेलं माणूस आतून दार वाजवतंय म्हणजे त्याला काय हवं असणार हे न कळायला त्या काही कालच्या नव्हत्या. दाराखालच्या फटीतून एक हातोडी आत सरकली. पाठोपाठ मावशींची पावलं लांब गेली.

आईने हातोडीकडे पाहिलं. दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळे तिने कडीवर दोन घाव घातले. कडी वाकली आणि होती त्याहून घट्ट बसली. आणखी चार घातले. वरून चुन्याचे पोपडे केसांत पडले. व्हरांड्यापलीकडे आपल्या खोलीत बसलेल्या मोठ्या बाईंनी ते ठोकणं ऐकलं आणि चला, एकदाचं काम सुरू झालं, असं म्हणून खिडकी लावून घेतली.

मग फटीशी दोन लाल सँडल येऊन उभे राहिले.

"आई, तू काय करतेयस?"

आई चटकन फटीशी तोंड नेऊन खाली बसली, म्हणजे जागा होती तेवढी बसली. "टकळे, कडी अडकलीये. दार उघडत नाहीये."

"मग मी इथूनच बोलू का तुझ्याशी?" टकळीला ही व्यवस्था वाईट वाटत नव्हती. "आई, तिकडे एक मांजर आहे. तिला एकच कान आहे. म्हणजे दुसरा आहे, पण अर्धा."

"हो. ऐक माझं. एक काम करायचंय. कोणालातरी जाऊन सांग की माझी आई अडकलीये."

लाल सँडल हलले नाहीत.

"तू सांग ना," टकळी म्हणाली.

"मी आत आहे ना, बाळा."

"मग मी तुझ्या कानात सांगते. तू सांग."

आईने डोळे मिटले. मधे लाकडी दार होतं, आणि दाराच्या या बाजूला तो कान, ज्यात तीन वर्षं सगळं जग ओतलं गेलं होतं. तिच्या मनात आलं, नको सांगायला. पंप कधीतरी बंद होईलच. मग तिला हातातलं घड्याळ दिसलं आणि तो ओला फ्रॉकही दिसला.

"माझा कान इथे अडकलाय," ती म्हणाली. "आज तुलाच जावं लागेल. ज्यांचा चेहरा तुला बरा वाटेल, त्यांना सांग."

सँडल अजून थोडा वेळ उभे राहिले. एक पुढे झाला, मागे आला. मग दोन्ही वळले आणि फटीतून दिसेनासे झाले.

अकरा वाजायला दहा कमी होते. आई वाट पाहू लागली. पाच मिनिटं झाली. साडेपाच वर्षांच्या मुलीला अख्खा व्हरांडा चालून जायला किती वेळ लागतो हे तिने मनात मोजलं, मग दुप्पट केलं. पंप बंद झाला. त्याच क्षणी तिला ओरडता आलं असतं, आणि तिने तोंड उघडलंही होतं. पण पंप थांबल्यावर एकदम जी शांतता झाली तीत कुठेच टकळीच्या रडण्याचा आवाज नव्हता, आणि बोलण्याचाही नव्हता, आणि ओरडायचं विसरून आई दाराला कान लावून बसली. कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते. कोणीतरी खोकलं. फाटक उघडं होतं का? आपण येताना लावलं होतं का? एकतीस प्रश्नांत फाटकाचा प्रश्नच नव्हता. काकूंनासुद्धा सुचला नव्हता. आईने हातोडी उचलली आणि या वेळी कडीवर नव्हे, थेट दारावर घातली.

आणि मग पावलं आली. एक-दोन नाही. पन्नासेक पावलं, धावत. फटीतून चपला दिसल्या, बूट दिसले, अनवाणी दोन पाय दिसले, आणि या सगळ्यांच्या पुढे लाल सँडल.

"पूर्ण लावली त्यांनी," एक बारीक आवाज म्हणाला.

"अर्धीच लावायची असते ती," सव्वीस आवाजांनी एकदम सांगितलं.

मागोमाग आलेल्या मावशींनी लांब झाडूचा दांडा दाराखाली घातला, दार वर उचलून डावीकडे रेटलं, आणि वाकलेल्या कडीसकट ते कुरकुरत उघडलं. आतून आई बाहेर आली. केसांत चुना, एका हातात हातोडी, दुसऱ्यात तक्ता. पहिलीचा सगळा वर्ग गोल उभा राहून तिच्याकडे बघत होता. दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारलं की तुम्ही पूर्ण का लावलीत. तपासायला, असं आईने खरं तेच सांगितलं. मुलांनी त्यावर जरा विचार केला आणि मग त्यांना ते पटलं नाही असं दिसलं.

आई खाली बसली आणि तिने टकळीला जवळ ओढलं. मग वर मान करून पहिलीच्या बाईंना विचारलं, "हिने सांगितलं? म्हणजे, तोंडाने?"

"तोंडानेच," बाई म्हणाल्या. त्या पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेल्या. "थांबवणंच अवघड गेलं."

मग काय घडलं ते बाईंनी सांगितलं. त्यांच्या वर्गात रोज या वेळेला मुलं गोल बसतात आणि एक गुळगुळीत दगड हातोहात फिरतो. दगड ज्याच्या हातात, तो बोलतो. बोलायचं नसेल तर पुढे देतो. पण कोणी धरून बसलं, तर बाकीच्यांनी थांबायचं. दगड निम्म्यावर आला होता तेव्हा ही लाल सँडलवाली दारात येऊन उभी राहिली. बाईंनी नाव विचारलं नाही, कारण नाव विचारलं की कितीतरी मुलं पळून जातात हा त्यांचा अनुभव. दुरुस्तीला आलेल्या बाईंची मुलगी, करमत नाही म्हणून आली असेल, एवढं त्यांनी धरलं आणि नुसती सरकून जागा केली. ती बसली. दगड तिच्या हातात आला. तिने तो पुढे दिला नाही. बोललीही नाही. सगळे थांबले.

"किती वेळ?" आईने विचारलं.

"सहा मिनिटं. जरा जास्तच."

आईने मनात हिशेब केला. ती सहा मिनिटं तिची होती. त्यातच तिने फाटक आठवलं होतं. "तुम्ही विचारायचं तरी होतं," ती म्हणाली, आणि आपला आवाज चढतोय हे तिला कळलं.

"तुम्ही अडकलायत हे मला कुठे माहीत?" बाई शांतपणे म्हणाल्या. "ती बोलायच्या बेतात आहे एवढं दिसत होतं. मी मधे तोंड घातलं असतं तर गेलं असतं ते."

बाईंनी पुढचं सांगितलं. सहा मिनिटांनी टकळी बोलली, आणि पहिल्यांदा तिने सांगितलं की सँडलचं बक्कल ती स्वतः लावते. मग मांजराचा अर्धा कान झाला. मग बाबा चष्मा घालूनच झोपतो, स्वप्नं नीट दिसावीत म्हणून, असं तो सांगतो. मग वरच्या मजल्यावरच्या काकू केस रंगवतात, पण ते कोणाला सांगायचं नाही. मग आईने शाळेला नापास करायचा कागद आणलाय. आणि मग, श्वास घ्यायला थांबल्यावर, माझी आई संडासात अडकलीये.

"कुठल्या, असं एकाने विचारलं. तिसऱ्या म्हणाली. मग आम्ही धावलो."

आई लाल झाली. तो कागद तिच्या हातातच होता.

मोठ्या बाईंच्या खोलीत शिरली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. मोठ्या बाईंनी तिच्या हातातल्या हातोडीकडे पाहिलं, "झालं काम?" असं विचारलं आणि तक्रारींची वही सहीसाठी पुढे सरकवली. आईने सांगितलं की आपण पालक आहोत. मोठ्या बाईंनी पुन्हा हातोडीकडे पाहिलं. मग तक्ता मागून घेतला आणि चष्मा लावून वाचला. एकतीसांतल्या एकाच प्रश्नापुढे खूण होती.

"कडी पास," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाकीचे तीस?"

"राहिले," आई म्हणाली. तिने बाकावरून उचलून आणलेली पर्स उघडली, दोन्ही अर्ज बाहेर काढले, आणि त्यांतला एक पुन्हा आत ठेवला.

उरलेल्या अर्जात शेवटचा रकाना होता, 'मुलाविषयी शाळेला काही सांगायचे आहे का'. त्यासाठी आईने घरून दोन पानं लिहून आणली होती. बाहेर व्हरांड्यात टकळी दोन वेण्यांच्या मुलीला मांजराचा कान पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. आईने ती पानं जोडली नाहीत. थोडा वेळ पेन धरून बसली आणि रकान्यात लिहिलं, 'थांबलात तर बोलते'.

"तुम्ही पालक," मोठ्या बाई वही मिटता मिटता म्हणाल्या, "मग कडी कोण करणार आता? आधी अर्धी तरी लागत होती."

आईने शनिवारी यायचं कबूल केलं. स्वतःचे पेचकस घेऊन. तक्रारींच्या वहीत आणि प्रवेशाच्या वहीत, दोन्हीकडे तिने एकाच पेनाने सही केली.

संध्याकाळी जेवताना टकळीने भाताचा मोठा चमचा उचलला आणि जाहीर केलं की चमचा ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. मग ती पंचवीस मिनिटं बोलली. भात निवला. आईला एक गोष्ट विचारायची होती, दुपारपासून ती तिच्या ओठांवर होती, पण चमचा काही येईना. शेवटी तो बाबाकडे गेला. बाबाने एवढंच विचारलं की त्याची शाळा पास झाली की नापास, आणि उत्तर ऐकायच्या आत चमचा पुढे दिला.

आईने चमचा धरला. एवढी मांजराची गोष्ट आधी आणि आई सगळ्यात शेवटी, असं का, हे तिला विचारायचं होतं. पण चमचा हातात आल्यावर ते निघेना. टकळीने हाताची घडी घातली. बाबाने घास खाली ठेवला. दोघं थांबले. भिंतीवरचा काटा एक घर पुढे गेला, मग आणखी एक.

"मला वाटलं होतं, तू कोणालाच सांगणार नाहीस," आई म्हणाली.

टकळीने हात पुढे करून चमचा मागून घेतला, कारण नियम म्हणजे नियम.

"मला पण," ती म्हणाली, आणि भात वाढायला लागली.